बौद्धिक दिव्यांगांचे क्रीडांगण आणि शासनाचा निधी : एक मागोवा

ज्यांना काल-परवापर्यंत आपण सरसकट 'मतिमंद' म्हणत होतो, त्या मुलांकडे समाजाने दीर्घकाळ केवळ दयेच्या दृष्टीने पाहिले. अन्न, वस्त्र, औषध दिले की कर्तव्य पार पडले, अशी समजूत होती. या मुलांना मैदान हवे, प्रशिक्षक हवा आणि त्यासाठी शासनाच्या अंदाजपत्रकात तरतूद हवी, हा विचार फार उशिरा आला.

मुंबईत वकील दांपत्याने आपल्या कन्येच्या निमित्ताने १९४४ साली जय वकील शाळेचा पाया घातला, तेव्हा प्रश्न निव्वळ शिकवण्याचा होता. पुढे राज्यघटना आली. तिच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत 'अपंग व कामास अक्षम व्यक्तींना साहाय्य' ही नोंद नवव्या क्रमांकावर आहे, तर क्रीडा हा विषय तेहतिसाव्या क्रमांकावर. या दोन नोंदींतील अंतर पुढे दोन खात्यांतील अंतर झाले. समाजकल्याण खात्याच्या लेखी खेळ हा आपला विषय नव्हे आणि क्रीडा खात्याच्या लेखी ही मुले खेळाडू नव्हेत. मग अर्ज जावा कोणत्या टेबलावर?

२० जुलै १९६८ रोजी अमेरिकेत शिकागो येथे युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या पुढाकाराने सुमारे एक हजार खेळाडूंची पहिली स्पेशल ऑलिम्पिक स्पर्धा भरली. भारतात ही चळवळ १९८७ साली आली व २००१ मध्ये 'स्पेशल ऑलिम्पिक्स भारत' हा न्यास नोंदला गेला. पॅरालिम्पिकशी तिची गल्लत सहज होते. पॅरालिम्पिकमध्ये २००० साली सिडनीत स्पेनच्या बास्केटबॉल संघातील बारांपैकी दहा खेळाडू बौद्धिक दिव्यांग नसल्याचे उघडकीस आले. लबाडी केली धडधाकटांनी. शिक्षा मात्र भोगली खऱ्या बौद्धिक दिव्यांगांनी. २०१२ च्या लंडन स्पर्धेपर्यंत त्यांना तेथे दार बंद राहिले.

आपल्याकडील १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात विशेष मनोरंजन केंद्रासाठी सवलतीच्या जमिनीचा उल्लेख होता; क्रीडेसाठी स्वतंत्र कलम नव्हते. २००९-१० मध्ये केंद्राने दिव्यांगांच्या क्रीडेसाठी योजना आखली, ती पुढे 'खेलो इंडिया'त विलीन झाली. खरा बदल घडवला तो २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने. त्याच्या तिसाव्या कलमात क्रीडा सहभाग हा हक्क मानला असून प्रशिक्षणाच्या सुविधांसाठी निधी देण्याचे दायित्व स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. याचनेच्या जागी हक्क आला! महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांगांसाठी राखायचा हिस्सा तीन टक्क्यांवरून पाच टक्के झाला. ३ डिसेंबर २०२२ रोजी राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही स्थापन केला. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत भारतीय चमूने २०२ पदके मिळवली, ही बातमी आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात राहिली असेल, कोण जाणे.

आपली नवी मुंबई या बाबतीत भाग्यवान म्हटली पाहिजे. १९९२ साली स्थापन झालेल्या महानगरपालिकेचे वाशी येथे दिव्यांगांसाठी शिक्षण, प्रशिक्षण व सेवा केंद्र आहे. खारघरला बौद्धिक दिव्यांगांच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. उणीव आहे ती अठरा वर्षांनंतरच्या आयुष्याची. विशेष शाळा सुटते, मुलगा घरी बसतो, वजन वाढते, मित्र उरत नाहीत, आणि आई-वडील वृद्ध होत जातात. स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये आठव्या वर्षापासून पुढे वयाची मर्यादा नाही. म्हणजे ज्या वयात शाळा थांबते, त्या वयातही मैदान खुले राहू शकते. परंतु पाच टक्क्यांचा निधी बहुधा वैयक्तिक अर्थसाहाय्य व साधने यांतच खर्ची पडतो, असे प्रस्तुत लेखकाचे निरीक्षण आहे. त्यात गैर काहीच नाही. मात्र खेळासाठी कोणी मागितलेच नाही, तर प्रशासन आपणहून तरतूद करील, ही अपेक्षा भाबडी ठरते.

मागणी करताना 'मदत मिळावी' एवढेच लिहून भागत नाही. वैश्विक ओळखपत्र असलेले खेळाडू किती, मैदान आठवड्यातून किती तास हवे, प्रशिक्षकाचे मानधन किती, ने-आण कशी होणार, हे आकड्यांत मांडावे लागते व तिसाव्या कलमाचा हवाला द्यावा लागतो. दोन-चार पालक एकट्याने गेले तर अर्ज आवक-नोंदीतच राहण्याची भीती. नोंदणीकृत न्यासाच्या पत्रावर, लेखापरीक्षित हिशेबासह गेला तर त्यास वजन येते. हिशेब चोख ठेवणे आपल्या व्यापारी बांधवांना शिकवावे लागत नाही. महापालिकेचे अंदाजपत्रक साधारणतः फेब्रुवारीत मांडले जाते. तेव्हा हा प्रस्ताव दिवाळीनंतर लगेच, डिसेंबरअखेरच्या आत दाखल व्हावयास हवा.