कराची ते मुंबई : एका अंतराची कथा

दोन नगरांमधील अंतर नकाशावर मोजता येते. परंतु प्रवासी ते मोजतो घड्याळावर. हा वेळ केवळ यंत्राच्या वेगावर अवलंबून असतो, अशी आपली समजूत असते. कराची-मुंबई या हवाई मार्गाचा इतिहास मात्र निराळेच सांगतो.

ही दोन बंदरे सरळ रेषेत सुमारे ८८० किलोमीटर अंतरावर आहेत. १ एप्रिल १९३६ रोजी सिंध हा स्वतंत्र प्रांत होईपर्यंत ती एकाच मुंबई इलाख्यात मोडत. नोकरी-व्यवसायानिमित्त गेलेली मराठी कुटुंबे कराचीत नांदत होती आणि दोन्हीकडे पत्रांची वाट पाहिली जात होती.

१९२९ साली इंपीरियल एअरवेजची लंडन-कराची टपालसेवा सुरू झाली. विलायतेचे पत्र आठवड्याभरात कराचीस पोहोचू लागले. पण पुढचा प्रवास त्याला जमिनीवरूनच करावा लागे. ही उणीव नेव्हिल व्हिन्सेंट आणि जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांनी हेरली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी टाटा यांनी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून ‘पस मॉथ’ हे एका एंजिनाचे लहानसे विमान उडविले. सोबत होत्या केवळ टपालाच्या थैल्या. वाटेत इंधनासाठी अहमदाबादेस उतरणे भाग होते. तेथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले गेले! या वळणामुळे मार्ग सुमारे १,०४० किलोमीटरांचा झाला. दुपारी दोनच्या सुमारास विमान जुहूला उतरले. म्हणजे प्रवासास सात तासांहून थोडा अधिक वेळ लागला. तेथून व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले.

जुहूची धावपट्टी म्हणजे खाजणाची जमीन. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई, तेव्हा सेवेचे बिऱ्हाड पुण्यास हलवावे लागे. विमानाने वाऱ्याला जिंकले, तरी चिखलापुढे त्याला माघार घ्यावी लागली.

पुढे जेट विमाने आली आणि हेच अंतर दीड तासाच्या आसपास तोडता येऊ लागले. परंतु १९४७ नंतर मध्ये सरहद्द उभी राहिली होती. १९६५ व १९७१ च्या युद्धांनी हा मार्ग तोडला. नंतर तो जुळला आणि पुन्हा तुटला. २०२५ साली तर दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांना आपले आकाशच बंद केले. थेट सेवा नसेल तेव्हा प्रवाशाने दुबईवरून यावे, तर त्याला तीन हजारांहून अधिक किलोमीटर कापावे लागतात. दीड तासाच्या वाटेला मग जवळजवळ एक दिवसही लागू शकतो.

१९३२ च्या त्या इवल्याशा विमानाला सात तास पुरले होते. वेगाने अंतर कमी होते हे खरेच. पण दोन नगरे जवळ येतात ती माणसांनी वाट मोकळी ठेवली तरच.