बंद पडलेल्या यंत्राचा जबाब

मागच्या महिन्यात माझा फोन दिवसातून तीन-चारदा आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. मदत केंद्रात फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, एक बग रिपोर्ट काढून पाठवा ना." सेटिंग्जमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारायची, मग डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात आणि तिथे बग रिपोर्टचं बटण असतं. दाबलं. दोन-तीन मिनिटांनी एक झिप फाइल तयार झाली. पाठवण्याआधी उघडून पाहिली, तर आत ओळीच ओळी. कितीही स्क्रोल करा, संपेचना. ओ की ठो कळलं नाही. पण मध्येच ओळखीचं काहीतरी दिसलं: घरच्या वायफायचं नाव, मामाच्या घरच्या वायफायचं नाव, फोनमधल्या झाडून सगळ्या ॲप्सची यादी.

मला वाचता न येणारा माझाच जबाब मी कुणाला तरी देणार होतो. ही पद्धत सुरू कुठून झाली, ते शोधत गेलो आणि केंब्रिजला पोचलो.

६ मे १९४९ रोजी केंब्रिज विद्यापीठात एडसॅक या संगणकावर पहिला प्रोग्राम चालला. मॉरिस विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेलं हे यंत्र. त्याची मेमरी म्हणजे पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्या, त्यांतून ध्वनीचे ठोके फिरत राहायचे. प्रोग्राम कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहायचा आणि उत्तर टेलिप्रिंटरवर घ्यायचं. काही आठवड्यांतच सगळ्यांच्या लक्षात आलं की प्रोग्राम पहिल्या झटक्यात बरोबर येतच नाही. आपलं उरलेलं बरंचसं आयुष्य आपल्याच चुका शोधण्यात जाणार, हे आपल्याला त्या काळात एका क्षणी कसं उमगलं, ते विल्क्सनी पुढे आत्मचरित्रात लिहिलं आहे.

चूक शोधायची सोपी रीत म्हणजे यंत्रापाशी उभं राहायचं, एकेक आज्ञा पुढे ढकलायची आणि पडद्यावरचे ठिपके बघत बसायचं. त्याला तिथे चक्क 'डोकावणं' म्हणत. पण यंत्र एकच आणि शास्त्रज्ञांची रांग मोठी. एकाने डोकावत तास घालवला की बाकीचे खोळंबले. मग उपाय निघाला. प्रोग्राम अडकला की एक छोटा वेगळा प्रोग्राम चढवायचा. तो मेमरीचा हवा तो भाग कागदावर छापून देणार. तुम्ही कागद घ्या, आपल्या टेबलावर जा, डोकं खाजवा, पुढच्याला जागा द्या. या छोट्या प्रोग्रामचं नाव होतं पोस्टमॉर्टेम. स्टॅन्ली गिल या तरुण संशोधकाने १९५१ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात चुकांच्या निदानावर अख्खा निबंध लिहिला. दुखण्यावर वैद्याने लिहावं तसा.

म्हणजे हा कागद जन्मला तो मदत मागायला नव्हे, गर्दी हटवायला. पण त्याने एक मोठी गोष्ट केली. यंत्र आणि त्याचं दुखणं ओळखणारा माणूस, यांना एका खोलीत असायची गरज उरली नाही.

पुढे पाऱ्याच्या नळ्या गेल्या आणि फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओवून केलेली 'कोअर' मेमरी आली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेल्या टिफ्रॅक संगणकातही ती होती. या कोअरमधलं सगळं कागदावर ओतायचं, म्हणून 'कोअर डंप'. कड्या केव्हाच संग्रहालयात गेल्या, नाव मात्र अजून टिकून आहे. मोठ्या मेनफ्रेम यंत्रांवर हा डंप म्हणजे घडीच्या कागदाचा जाडजूड गठ्ठा असे, त्यावर नुसते आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं. तुमच्या घरात नव्वदच्या दशकात आयटीत लागलेली एखादी मावशी किंवा काका असेल, तर त्यांना 'सॉक सेव्हन' म्हणजे काय ते विचारा. जिथे आकडा हवा तिथे भलतंच काही आलं की आयबीएमचं यंत्र हा कोड फेकून काम थांबवायचं. मध्यरात्री अशा कोडसाठी झोपेतून उठलेला माणूस तो जन्मात विसरत नाही.

पण या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. जबाब वाचणारा शिकलेला होता आणि बहुतेकदा प्रोग्राम त्याचाच किंवा त्याच्या कचेरीचा होता.

आता २० जुलै १९६९. अपोलो ११ चं चांद्रयान चंद्रावर उतरत होतं आणि संगणकाच्या छोट्या पटलावर आकडा उमटला: १२०२. आर्मस्ट्राँगने ह्यूस्टनला विचारलं, हे काय आहे? जाणकार होते जवळपास चार लाख किलोमीटर दूर. इथे कागदाचा गठ्ठा चालणार नव्हता. चार आकड्यांत सगळा जबाब आणि उत्तराला हातात मोजके सेकंद. मार्गदर्शनाची जबाबदारी स्टीव्ह बेल्सकडे, वय २६. त्याच्या पाठीशी मागच्या खोलीत जॅक गार्मन, वय २४. उड्डाणाच्या काही दिवस आधी सरावात असाच एक अलार्म आला होता आणि बेल्सने घाबरून उतरणं रद्द करायला लावलं होतं. तो निर्णय चुकला होता. त्यानंतर फ्लाइट डायरेक्टर जीन क्रँझने फर्मावलं की शक्य असलेल्या प्रत्येक अलार्मचा अर्थ लिहून काढा. गार्मनने हाताने यादी केली आणि टेबलावरच्या काचेखाली ठेवली. १२०२ चा अर्थ होता: कामं फार झाली, जागा उरली नाही, बिनमहत्त्वाची टाकून देतो आणि महत्त्वाची चालू ठेवतो. तो सारखा सारखा येत नसेल तर पुढे जा. ते पुढे गेले.

मला या गोष्टीतला चंद्र नाही, ती काचेखालची यादी आवडते. कोड कितीही नेमका असो, पलीकडे कुणीतरी आधीच बसून गृहपाठ केलेला नसेल तर १२०२ म्हणजे नुसताच एक आकडा.

घराघरांत पीसी आले तेव्हा नेमकी हीच अडचण झाली. प्रोग्राम कोसळतो ठाण्यात, लिहिणारा बसलाय अमेरिकेत, आणि वापरणाऱ्याचा दोघांशीही संबंध नाही. विंडोजमध्ये कोसळलेल्या प्रोग्रामची नोंद करून ठेवणारा एक छोटा प्रोग्राम होता, डॉक्टर वॉटसन. आधी त्याचं नाव शेरलॉक होतं म्हणतात. नाव बदललं ते योग्यच झालं. तो फक्त टिपणं काढायचा, उकल त्याच्याकडे नव्हतीच.

मग इंटरनेट आलं आणि २००१ च्या विंडोज एक्सपीबरोबर ती खिडकी आली: काहीतरी बिघडलं आहे, रिपोर्ट पाठवायचा का? पाठवा किंवा पाठवू नका. आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये 'पाठवू नका' दाबलं असणार. पण जगभरात इतक्यांनी 'पाठवा' दाबलं की ते वाचणं माणसाच्या आवाक्याबाहेर गेलं. म्हणून वाचायचं सोडून मोजायला सुरुवात झाली. कुठला प्रोग्राम, कुठली आवृत्ती, कोडमधली कुठली जागा, एवढ्यावरून प्रत्येक रिपोर्ट एका पेटीत पडायचा. ज्या पेटीत गर्दी जास्त, ती चूक आधी दुरुस्त. पूर्ण डंप प्रत्येकाकडून मागायचाही नाही, पेटीमागे थोडे पुरेत. २००२ साली स्टीव्ह बाल्मरने ग्राहकांना लिहिलं की अवघ्या १ टक्का बगमुळे निम्म्या चुका घडतात, आणि याचं त्यालाही नवल वाटलं होतं.

मोजणीतून कधी भलतंच हाती लागायचं. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी एक किस्सा लिहिला आहे. काही रिपोर्ट अशा आज्ञेवर कोसळले होते, जी कोसळूच शकत नाही. एका छोट्या खान्यात शून्य ठेव, एवढीच ती आज्ञा. सहकाऱ्यांनी रिपोर्ट पाठवणाऱ्यांनाच गाठून विचारलं. कळलं की बऱ्याच जणांची यंत्रं ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवलेली होती. काहींना ते ठाऊकही नव्हतं, दुकानदाराने तशीच विकली होती.

हा या इतिहासाचा सुखाचा भाग. पण जबाब जितका उपयोगी, तितका तो भलत्याच्याही कामाचा. डिसेंबर २०१३ मध्ये 'डेर श्पीगल' या जर्मन साप्ताहिकाने स्नोडेन प्रकरणानंतर लिहिलं की अमेरिकेची एनएसए विंडोजचे हे रिपोर्ट वाटेतच टिपत होती. कुठल्या यंत्रावर काय बिघडलंय हे कळलं की आत कुठून शिरायचं तेही कळतं. एनएसएच्या कुणीतरी त्या ओळखीच्या खिडकीतला मजकूर बदलून गमतीचं चित्रही केलं होतं: ही माहिती परकी हेरयंत्रणा टिपू शकते, अशा अर्थाचं. त्यांच्या कचेरीत हशा पिकला असेल.

ऑक्टोबर २०२३ चं ओक्टा प्रकरण मला त्याहून बोचतं. ओक्टा ही कंपन्यांना लॉगिनची सेवा पुरवणारी कंपनी. ग्राहकाला अडचण आली की मदतीसाठी ते 'हार' नावाची फाइल मागत. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातलं सगळं संभाषण तिच्यात जसंच्या तसं नोंदलेलं असतं. लॉगिन झाल्यावर ब्राउझरला जो बिल्ला मिळतो, तोही त्यातच. तो बिल्ला हाती लागला की पासवर्डची गरज नाही. चोर थेट मदत विभागाच्या कपाटात शिरले. १३४ ग्राहकांच्या फाइली त्यांनी पाहिल्या आणि पाच ग्राहकांच्या खात्यांत त्या बिल्ल्यांवर घुसले. गडबड आधी कळली ती ग्राहकांनाच. वनपासवर्ड आणि बियॉन्डट्रस्ट यांनी ओक्टाला कळवलं. ही सुरक्षेच्या धंद्यातली मंडळी होती, तरी त्यांनी सांगितलेली फाइल मुकाट्याने काढून पाठवली होती. मदत हवी असेल तर दुसरं काय करणार?

त्या मुलीला मी विचारलं की यातली वायफायची नावं काढून टाकू का? ती म्हणाली, "सर, फाइल बदलली तर सिस्टीम घेणार नाही. आणि आम्ही ते वाचत नाही, सिस्टीमच वाचते." मग मी पाठवून दिली. तीन दिवसांनी उत्तर आलं की अशा आणखी तक्रारी आल्या आहेत, पुढच्या अपडेटची वाट पाहा. म्हणजे माझा जबाब कुठल्यातरी पेटीत पडला होता. फोन अजूनही रीस्टार्ट होतो. आता दिवसातून एकदाच, साधारण जेवणाच्या वेळी.