नेटवर्क केबल

संगणक, स्विच, राउटर यांसारखी उपकरणे जोडून त्यांच्यातील माहिती विजेच्या किंवा प्रकाशाच्या स्पंदांच्या रूपात वाहून नेणारी केबल. मुख्य प्रकार तीन : समाक्ष म्हणजे कोअ‍ॅक्सिअल, पिळाच्या जोड्यांची आणि ऑप्टिकल फायबरची. तारेतून संदेश धाडणे तसे सोपे आहे. तो वाटेत सांडू न देणे आणि बाहेरचा गोंगाट आत शिरू न देणे, हे अवघड. कवच, पीळ आणि काच हे त्यावर निघालेले तीन तोडगे.

समाक्ष केबलमध्ये मधोमध तांब्याची तार, तिच्याभोवती विद्युत्‌रोधक थर, त्यावर धातूची जाळी आणि वर प्लास्टिकचे वेष्टन असते. ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० मध्ये या रचनेचे पेटंट घेतले. रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत १९७३ मध्ये ईथरनेट उभे केले, तेही याच केबलवर. पुढे आलेली तिची पातळ आवृत्ती एका संगणकाकडून दुसऱ्याकडे अशी १८५ मीटरपर्यंत नेता येई. दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर लागत. ते नसले तर संदेश टोकावर आपटून माघारी येई. झाडू मारताना एक जोड सैल झाला की सगळे ऑफिस बंद पडे, आणि दोष नेमका कुठे आहे हे शोधण्यात दिवस जाई. ऑफिसांतून ही केबल गेली. टीव्हीच्या केबलमध्ये मात्र ती ७५ ओहमच्या रूपात टिकून आहे.

आज ‘लॅन केबल’ म्हणून दुकानात मिळते ती पिळाच्या जोड्यांची. आठ तारा, चार जोड्या : नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचे पिळाच्या जोडीचे पेटंट १८८१ चे, म्हणजे टेलिफोनच्या काळातले. जोडीतल्या दोन तारांतून एकच संदेश परस्परविरुद्ध ध्रुवतेने जातो. पिळामुळे दोन्ही तारा आळीपाळीने गोंगाटाच्या जवळ येतात, म्हणून बाहेरचा उपद्रव दोघींवर सारखाच बसतो. पलीकडचे उपकरण दोघींमधला फरक तेवढा वाचते; त्या वजाबाकीत गोंगाट नाहीसा होतो आणि संदेश उरतो. शेजारच्या जोड्यांनी एकमेकींत कुजबुजू नये म्हणून प्रत्येक जोडीचा पीळ कमीजास्त ठेवलेला असतो. इतकी स्वस्त आणि इतकी चतुर युक्ती या क्षेत्रात दुसरी नाही.

म्हणूनच केबलच्या टोकाला आरजे-४५ हा प्लग क्रिंप करताना, म्हणजे दाबून बसवताना, पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलू नये. नवशिक्याची नेहमीची चूक वेगळीच असते. तो रंगांच्या जोड्या ओळीने शेजारी-शेजारी लावतो. वास्तविक एक जोडी तिसऱ्या आणि सहाव्या पिनवर विभागून बसवायची असते. दोन्ही टोके सारखी असल्याने टेस्टरचे आठही दिवे लागतात, पण संदेश दोन वेगळ्या जोड्यांतल्या तारांत वाटला गेलेला असतो. लांब केबलवर नेटवर्क रखडते आणि दोष स्विचला दिला जातो.

कॅट-५ई श्रेणीची केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट माहिती नेते. कॅट-६ ला १० गिगाबिट जमतात, पण साधारण ५५ मीटरपर्यंतच. कॅट-६ए ते १०० मीटर नेते. याच तारांतून कॅमेऱ्यांना वीजही पुरवता येते. मात्र बाजारात तांब्याचा नुसता मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबलही खपवली जाते. तिचा रोध जास्त, त्यामुळे वीज वाहताना ती अधिक तापते. तारेचे टोक चाकूने खरवडले की आतला पांढरा धातू दिसतो.

फायबरमध्ये वीज नसते, त्यामुळे विजेचा गोंगाट त्याला बाधत नाही. काचेचा गाभा आणि त्याहून कमी अपवर्तनांकाचे आवरण यांच्या सीमेवर पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन प्रकाश आतच राहतो. आवरणासह तंतूचा व्यास १२५ मायक्रॉन. सिंगल मोडचा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा, लांबच्या पल्ल्यासाठी. मल्टिमोडचा ५० किंवा ६२.५, इमारतीच्या आतल्या अंतरांसाठी. पावसाळ्यात दोन इमारतींमध्ये लॅन केबल उघड्यावरून टाकली की विजांच्या कडकडाटात पोर्ट जळतात. तिथे फायबरच हवे. मात्र ते चिमटीत मोडल्यासारखे वाकवले की प्रकाश बाहेर निसटतो.

चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये मांडले की काचेत प्रकाश विरतो तो दोष काचेच्या जातीचा नसून तिच्यातल्या अशुद्धतेचा आहे. एक किलोमीटरनंतर एक टक्का प्रकाश उरला तरी संदेशवहन शक्य होईल. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीने ती मर्यादा ओलांडली. आजच्या तंतूत किलोमीटरनंतर सुमारे ९५ टक्के प्रकाश शिल्लक असतो. काओ यांना २००९ चे नोबेल मिळाले.

मुंबई १८७० मध्येच समुद्राखालच्या तारांनी एडन-सुएझमार्गे लंडनशी जोडली गेली होती. आता याच शहराच्या किनाऱ्यावर फ्लॅग, सी-मी-वी ४ अशा फायबर केबली येतात. जानेवारी २००८ मध्ये या दोन्ही अलेक्झांड्रियाजवळ तुटल्या आणि भारतातील इंटरनेट मंदावले. अशा वेळी दुरुस्तीचे जहाज तळाशी गळ टाकून तुटलेली टोके वर ओढते. मग केसाएवढे तंतू समोरासमोर धरून विजेच्या ठिणगीने वितळवून सांधले जातात. गल्लीतल्या खांबाखाली बसून स्प्लायसिंग करणारा तंत्रज्ञही हेच करतो.