शेजारची दोन हजार वर्षांची सोसायटी

स्मरणिका समितीने "सोसायटीचा इतिहास तुम्ही लिहा" असं फर्मान काढलं, तेव्हा मी जरा गोंधळलोच. आपला इतिहास पंचवीस वर्षांचा. त्यातली पहिली काही वर्षं टँकरची, पुढची पार्किंगच्या भांडणांची, आणि बाकीचं मिनिट्स बुकात आहेच. म्हणून ठरवलं, रौप्यमहोत्सवी सहलीत आपण ज्या वसाहतीत एक दिवस घालवला, तिच्याविषयीच लिहावं.

बोरिवली पूर्वेला इतकी वर्षं राहून कान्हेरीची लेणी न पाहिलेली आपल्यात एकोणीस माणसं निघाली! सिंगापूर झालेलं, बँकॉक झालेलं, एक काका-काकू तर चीनची भिंत चढून आलेले. पण नॅशनल पार्कच्या गेटपासून सहा-सात किलोमीटरवरचं हे ठिकाण "जाऊ कधीतरी" मध्येच अडकलेलं. शेवटी डिसेंबरातल्या एका रविवारी बेचाळीस जण, थेपले, पोह्यांचा डबा आणि दोन थर्मास चहा घेऊन निघालो.

कान्हेरी हे नाव कृष्णगिरीवरून आलं. जुन्या शिलालेखांत 'कण्हसेल' म्हणजे काळा डोंगर असं येतं, आणि बसाल्टचा तो डोंगर बघितला की नावाबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही. शंभराहून अधिक लेणी इथे आहेत. इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपास कोरायला घेतली आणि पुढे जवळजवळ हजार वर्षं इथे भिक्खूंची वस्ती होती. तीन नंबरचं मोठं चैत्यगृह सगळ्यांनी पाहिलं, दारातल्या बुद्धाच्या उंच मूर्तींपुढे ग्रुप फोटो झाला. ते पुस्तकात वाचायला मिळतं, इथे परत लिहीत नाही.

मंडळी रमली ती पाण्यापाशी. जवळपास प्रत्येक लेण्याशेजारी खडकात कोरलेलं टाकं आहे. वर डोंगराच्या उतारावर बारीक चर खोदलेत, पावसाचं पाणी त्या चरांतून खाली येऊन टाक्यात पडतं. डिसेंबरातही कितीतरी टाक्यांत पाणी होतं. आता सगळ्यांना माहीत आहे की गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवायच्या योजनेवरून आपल्याकडे मागच्या दोन वार्षिक सभांत काय रामायण झालं. दोन घरांचं तर बोलणंच बंद आहे. त्या योजनेला सर्वांत कडाडून विरोध करणारे आमचे बी विंगचे काका गुडघेदुखी विसरून वर चढले आणि चराला बोट लावून म्हणाले, "उतार बघा किती नेमका दिलाय. आपला काँट्रॅक्टर असा देईल का, एवढंच माझं म्हणणं होतं." ए विंगमधून कुणीतरी हळूच "हं" केलं. एवढ्यावरच थांबलं ते. विषय पुढच्या सभेच्या अजेंड्यावर आहे.

ही टाकी बांधली कुणी? राजांनी थोडी, पण बरीचशी तुमच्या-आमच्यासारख्यांनी. कल्याणच्या स्वामिदत्त नावाच्या सोनाराने एक टाकं दिलं. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिली. सोपारा, चौल, नाशिक इथल्या दात्यांचे लेख आहेत. आपल्या जिन्याखालच्या बाकावर "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" लिहिलंय ना, तशातलाच प्रकार. एक टाकं मात्र राजघराण्याशी जोडलेलं आहे. लेख तुटका आहे, पण त्यात सातवाहन राजाची जी राणी येते ती महाक्षत्रप रुद्रदामनाची मुलगी असं अभ्यासक मानतात. या रुद्रदामनाने जुनागढच्या लेखात लिहून ठेवलंय की सातकर्णीला आपण दोनदा हरवलं, पण नातं जवळचं म्हणून संपवलं नाही. सोयरीकही आणि भांडणही. शेजारी म्हटलं की हे आलंच.

आमच्या खजिनदारकाकांना खरा आनंद झाला तो पुढे. नवव्या शतकात, शिलाहारांच्या काळात, इथल्या संघाला दिलेल्या एका देणगीचा हेडवार हिशेब भिंतीवर आहे: पूजेला २० द्रम्म, विहाराच्या दुरुस्तीला ३, वस्त्रांना ५ आणि पुस्तकांना १. द्रम्म म्हणजे तेव्हाचं नाणं. अशा देणग्या बऱ्याचदा 'अक्षयनीवी' म्हणून दिल्या जात, म्हणजे मुद्दल कायम ठेवायचं आणि व्याजावर खर्च भागवायचा. खजिनदारकाका म्हणाले, "अहो, हा तर कॉर्पस फंड! आणि दुरुस्तीला कमी पडणार, तेव्हाही कमीच होता." आपल्या वाचनालयाचं वार्षिक बजेट मी इथे मुद्दाम सांगत नाही.

एक्केचाळीस नंबरच्या लेण्यात अकरा डोक्यांचा अवलोकितेश्वर आहे. दगडात असं रूप भारतात फार विरळ. याच बोधिसत्त्वाला चीनमध्ये ग्वानयिन या स्त्रीरूपात पूजतात, असं मी सांगितलं तेव्हा चीनवाल्या काकू म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे तिथल्या देवळात मी हिलाच नमस्कार केला की!"

शेवटी नव्वद नंबरचं लेणं. तिथे पहलवी लिपीत काही लेख कोरलेत. इसवी सन १००९ मध्ये ऑक्टोबर आणि नोव्हेंबरात, आणि पुन्हा १०२१ मध्ये, झरथुष्ट्री मंडळींचे गट इथे आले होते. त्यांनी आपली नावं, वडिलांची नावं आणि तारीख भिंतीवर कोरली आणि गेले. झालं एवढंच. हजार वर्षांपूर्वीची ग्रुप सहल!

मी हे रंगात येऊन सांगत होतो आणि मागे आमच्या मजल्यावरचा सातवीतला मुलगा हातात टोकदार दगड घेऊन खांबाशी उभा होता. नावाचं पहिलं अक्षर अर्धं व्हायच्या आत त्याच्या आईने हात धरला. चांगलीच बोलणी बसली त्याला. मग तो रडवेला होऊन मला म्हणाला, "काका, मग त्यांना कुणी ओरडलं नाही का?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. कायदा सांगितला, आता हे संरक्षित स्मारक आहे, दंड होतो, तुरुंगही होतो, वगैरे. त्याला ते काही पटलेलं दिसलं नाही. बसमध्ये बसल्यावर त्याने माझी वही मागून घेतली आणि त्यात आपलं नाव, वडिलांचं नाव आणि तारीख लिहिली. मग वही पुढच्या सीटवर दिली, तिथून आणखी पुढे. गेटपाशी उतरेपर्यंत ती सगळ्या बसमधून फिरून आली. ए विंगची आणि बी विंगची नावं एकाच पानावर आहेत.

बेचाळीसच्या बेचाळीस नावं, तारखेसह, या अंकाच्या शेवटच्या पानावर छापली आहेत.