वायसर

आमच्या लहानपणी घरातल्या दोन वस्तूंना हात लावायची कुणाची छाती नव्हती. एक वडिलांचा रेडिओ आणि दुसरा आईचा स्टोव्ह. रेडिओ बिघडला तर बातम्या बुडत; स्टोव्ह बिघडला तर जेवण बुडे. म्हणून स्टोव्हचा मान मोठा. पितळी टाकीचा, तीन पायांचा तो स्टोव्ह दर रविवारी चिंच लावून घासला जाई. मग आई पंपाचा दांडा बाहेर काढी आणि टोकाच्या कातडी वायसरला गोडेतेलाचं बोट लावी. शुद्ध भाषेत त्याला वॉशर म्हणतात, पण आमच्या घरी इतकं शुद्ध कुणी बोलत नसे. "वायसर वाळला की पंप पोकळ," असं ती म्हणे. हे वाक्य मी पुढं बऱ्याच माणसांना लावून पाहिलं आहे. बसतं!

हे आठवायचं कारण म्हणजे मुलानं बंगळुरूहून पाठवलेला गिर्यारोहकांचा स्टोव्ह. आकार आणि वजन साधारण एका कांद्याएवढं. गॅसच्या डबीवर फिरवून बसवायचा, चावी सोडायची, काडी लावायची, संपलं. "बाबा, तुम्ही जंगलात भटकता, चहाची सोय होईल." सौभाग्यवतीनं तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "आधी परीक्षा घ्या याची. आणि सोबत सासूबाईंचाही न्या. नापास झाला तर उपाशी राहाल."

परीक्षा केंद्र ठरलं झरी जामणी. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा हा तालुका. पैनगंगा ओलांडली की तेलंगण. सागवानाचं जंगल, मधूनमधून कोलामांचे पोड. तिथं आमचे एक जुने सहकारी, निवृत्त मास्तर, शेती करून आहेत. माझा विचार थेट जंगलात तंबू ठोकायचा होता. मास्तर म्हणाले, "सर, राखीव जंगल आहे. मनाला येईल तिथं विस्तव केला तर १९२७ चा वन कायदा आहे, आणि तो अजून रिटायर झाला नाही." खरंच होतं. सागाची पानं वाळून खाली पडली की एका ठिणगीला पुरे होतात. उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, त्यातूनही कितीदा वणवा लागतो. तेव्हा तंबू पडला मास्तरांच्या शेतात, झाडून घेतलेल्या खळ्यावर.

जानेवारीची पहाट. दात वाजत होते. नवा स्टोव्ह काडीसरशी पेटला, निळी ज्योत आली, मी विजयी मुद्रेनं मास्तरांकडे पाहिलं. पाण्याला आधण यायच्या बेताला ज्योत पेंगायला लागली. डबीला हात लावला तर गारठलेली. दोष डबीचा नव्हे, निसर्गाचा. आतला ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच उकळतो. त्याची वाफ होताना डबी आणखी गार होते, आणि बाहेरही थंडी असली की वाफ पुरेशी होईना. ज्या उष्णतेवर जगायचं तीच बाहेरून उसनी आणायची, असा त्याचा संसार.

मग मातोश्रींचा स्टोव्ह काढला. मास्तरांच्या जुन्या कंदिलातलं रॉकेल ओतलं, काकडा स्पिरिटमध्ये बुडवून पेटवला, पंप मारायला घेतला. दांडा नुसताच मागंपुढं. हवा भरेना. वीस वर्षं माळ्यावर पडून वायसर पापडासारखा वाळला होता.

"काय करून राह्यले जी सर?" मास्तर म्हणाले. "व्यायाम?"

इतिहासाच्या शिक्षकाला पंप मारता आला नाही तर तो इतिहास सांगतो. मीही सुरू केलं. स्वीडनमध्ये १८९२ साली फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यानं हा बिनवातीचा स्टोव्ह काढला. त्याआधी वातीचे स्टोव्ह होते. धूर आणि काजळी ओकणारे. लिंडक्विस्टची युक्ती अशी की रॉकेल हवेच्या दाबानं तापलेल्या नळीतून चढवायचं, त्याची वाफ करायची आणि सुईएवढ्या भोकातून ती सोडून जाळायची. ज्योतच पुढच्या रॉकेलची वाफ करते. म्हणून बाहेर कितीही थंडी असो, त्याला फिकीर नाही. त्याचं नाव प्रायमस. ॲमुंडसेन १९११ च्या डिसेंबरात दक्षिण ध्रुवावर पोचला तो प्रायमस घेऊन. १९५३ च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या शेवटच्या तळावर हिलरीचे बूट रात्रीतून गोठून दगड झाले, तेव्हा त्यानं ते प्रायमसवर धरून मऊ केले आणि मगच तो तेनसिंगबरोबर शिखराकडे निघाला. जगाच्या माथ्यावर जाण्याआधी बूट शिजवावे लागतात, हे पाठ्यपुस्तकात छापत नाहीत.

"आणि तो दुसरा? जो परतला नाही?" मास्तरांनी विचारलं.

तो स्कॉट. ध्रुवावर तोही पोचला, महिनाभर उशिरा. परतीच्या वाटेवर ठेवलेले रॉकेलचे डबे उघडले तर रॉकेल कमी. थंडीनं झाकणांचे कातडी वायसर निकामी झाले आणि रॉकेल उडून गेलं, असं कारण अभ्यासक देतात. ॲमुंडसेननं आपले डबे डाग देऊन पक्के बंद केले होते. इंधन नाही म्हणजे ऊब नाही, आणि बर्फाच्या खंडावर प्यायला पाणीही नाही. मृत्यूची कारणं पुष्कळ होती, हे त्यांतलं एक. १९१२ च्या मार्चमध्ये स्कॉट तंबूत संपला. पुढचा साठा अवघ्या ११ मैलांवर होता.

बोलता बोलता मी थांबलो. दुसरीच गोष्ट आठवली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी ठरलेली असे: 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू.' काही अपघात खरेच असतील. पण भडका नेमका सुनेच्याच पदराला कसा लागे? आई बातमी वाचून पेपर बाजूला ठेवी आणि म्हणे, "स्टोव्हला काय कळतंय, कोण सून नि कोण सासू!" १९८३ साली सासरच्या छळाला आणि १९८६ साली हुंडाबळीला कायद्यात वेगळं कलम आलं, तेव्हा कुठं स्टोव्हवरचा आळ थोडा उतरला. त्या घरांतला वाळलेला वायसर पंपातला नव्हता.

एवढ्यात वहिनी एक वाटी घेऊन आल्या. मोहाच्या बियांचं तेल, थंडीनं तुपासारखं थिजलेलं. मास्तरांनी वायसर काढून त्यात चोळला, अंगठ्यानं कडा फुलवल्या आणि दांडा परत बसवला. काकडा पुन्हा पेटवला. दहा पंपांत टाकी टणक झाली आणि आईचा स्टोव्ह असा भरभरला की सागावरची पाखरं उडाली. तो आवाज मी वीस वर्षांनी ऐकला. धूर काही नव्हता, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "रॉकेल झोंबतंय."

"असेल जी," मास्तर म्हणाले.

आधण आलं, साखर पडली, चहाची पुडी शोधेपर्यंत वहिनींनी पितळीच्या ताटात तीन कप आणून ठेवले. तीन दगडांच्या चुलीवर त्यांचा चहा केव्हाच झाला होता.

रात्री मुलाचा फोन. "बाबा, कसा आहे स्टोव्ह?"

"हुशार आहे," मी म्हटलं, "उन्हाळ्यात वरच्या वर्गात घालू. पण एक सांग, त्याला तेलाचं बोट कुठं लावायचं?"