ककैयाच्या गुरुजींचा बिंदू

स्मरणिकेसाठी इतिहासावर लिही, असे समितीने सांगितले तेव्हा मी चित्रकार सय्यद हैदर रझांना निवडले. त्यांच्या कहाणीत प्राथमिक शाळेतले एक गुरुजी आहेत, हे त्याचे खरे कारण.

रझांचा जन्म १९२२ चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा. वडील जंगलखात्यात नोकरीला. भोवती नर्मदेकाठचे दाट अरण्य आणि गोंडांच्या वस्त्या. त्या जंगलातल्या रात्रींची भीती रझा म्हातारपणीही सांगत. गोंडांचे नाच सुरू असले की तेवढा धीर वाटे. मग उजाडायचे आणि बाजाराच्या दिवशी सगळे रंग परत यायचे.

ककैयाच्या शाळेत या मुलाचे लक्ष नसे. नंदलाल झारिया गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बस म्हणाले. (आपल्याकडे बाकावर उभे केले असते!)

पुढे नागपूरचे कला विद्यालय, मग मुंबई. मुंबईचे रस्ते आणि पावसाळी आभाळ त्यांनी जलरंगात रंगवले. १९४७ मध्ये सूझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. त्याच सुमारास देशाची फाळणी झाली. भाऊ, बहीण, पहिली पत्नी पाकिस्तानात गेली. रझा राहिले. वर्षाच्या आगेमागे आईवडीलही गेले. १९४८ मध्ये काश्मीरला निसर्गचित्रे काढत असताना छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ भेटले. चित्राला बांधणी नाही, सेझान बघ, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. रझांनी ते मनावर घेतले आणि १९५० मध्ये पॅरिस गाठले. १९५६ मध्ये तिथल्या समीक्षकांचा मानाचा पुरस्कार मिळवणारे ते पहिले परदेशी. तोवर विषय फ्रान्सचाच होता: खेडी, चर्च, घरांची छपरे.

गुरुजींचा तो ठिपका पुढे जगप्रसिद्ध 'बिंदू' झाला, असे सर्रास लिहिले जाते. मला हे फार सोयीचे वाटते. ठिपका आणि बिंदू यांच्यामध्ये जवळजवळ पन्नास वर्षे आहेत. सत्तरच्या दशकात रझा वारंवार भारतात येऊ लागले आणि चित्रांतली घरे नाहीशी झाली. उरला काळा रंग आणि त्यातून उसळणारा तांबडा-पिवळा. ती बाबरियाची रात्र आहे. १९८१ च्या 'माँ' या चित्रात काळा बिंदू आहे आणि खाली देवनागरीत अशोक वाजपेयींची कवितेची ओळ. गुरुजींनी एका जागी बघायला शिकवले. काय दिसेल, ते मात्र जंगलाने आधीच ठरवले होते.

आपल्या शिक्षकांचे श्रेय मी कमी करतो आहे, असे कोणी समजू नये. रझांनी स्वतः झारिया गुरुजींचे नाव आयुष्यभर घेतले, आणि एका खेड्यातल्या मास्तरांचे नाव त्यामुळेच आज आपल्याला ठाऊक आहे.

साठ वर्षे फ्रान्समध्ये काढून २०१० मध्ये ते दिल्लीला परतले. २३ जुलै २०१६ ला वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मंडल्याला नेले आणि वडिलांच्या कबरीशेजारी दफन केले. नर्मदा तिथून जवळच आहे.