शिशाचा छर्रा आणि पोलादाचा

हिवाळ्यात आपल्या भाईंदरच्या मिठागरांवर पाणपक्षी उतरतात. इंग्रजी अमदानीत अशा पाणथळींवर दुनळी बंदुकांचे बार निघत. छर्रे शिशाचे. बदकाला दात नाहीत. दाणा दळण्यास ते खडे गिळते. त्यांबरोबर चिखलातला छर्राही पोटात जाई आणि पक्षी विषाने झुरून मरे. म्हणजे चुकलेला बारही जीव घेई!

पोलादी छर्रा विषारी नाही, पण कठीण. जुन्या बंदुकीची मऊ, पातळ नळी तो ओरखडतो, अरुंद तोंडाशी फुगवतोही. १९९१ साली अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसे देशभर बंद केले, तेव्हा आजोबांच्या बंदुकीचे करायचे काय, हा तिथल्या शिकाऱ्यांपुढे प्रश्न पडला. आपल्याकडे त्याच वर्षी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा दुरुस्त होऊन हौशी शिकारीचे परवानेच संपले. कोणता छर्रा, हा वाद आम्हांस घालावाच लागला नाही. जुने शिसे मात्र जेथे पडले, तेथे चिखलात अजून असेल.